दातांना तारा आणि शाळेचा डबा

दंतवैद्याकडे तारा बसवून झाल्या की पालकांच्या हातात एक छापील कागद पडतो. काय खावे आणि काय टाळावे याची त्यावरची यादी सहसा बरोबर असते, पण ती घरच्या ताटाला धरून केलेली असते. शाळेतले जेवण निराळे असते. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी बाराच्या सुमारास गार झालेला उघडायचा, वीस मिनिटांत संपवायचा, त्यातली पाच मिनिटे हात धुण्याच्या रांगेत जायची, भोवती चार मैत्रिणी बसलेल्या असायच्या आणि दातांत काही अडकले तर पाहायला आरसा नसायचा.

माझ्या मुलीला सातवीत असताना तारा बसल्या. पहिले चार दिवस ती घरी बऱ्यापैकी जेवत होती आणि शाळेतून मात्र डबा जवळजवळ भरलेलाच परत येत होता. भाजीचा कप्पा पुसून घेतल्यासारखा रिकामा असे आणि पोळी मी घडी घालून ठेवलेली तशीच चौपदरी असे. विचारले की "भूकच नव्हती गं आई" एवढेच उत्तर मिळे. पाचव्या दिवशी मी सकाळची एक पोळी डब्यात बंद करून ठेवली आणि दुपारी साडेबाराला, पुढच्या दातांनी न तोडता, फक्त दाढांवर चावून खाऊन पाहिली. माझ्या दातांना काहीही झालेले नसताना अर्ध्या पोळीला मी कंटाळले. दुखणे हे कारण होतेच, पण त्याच्याइतकाच दोष घड्याळाचा आणि गार पोळीचा होता, हे तेव्हा लक्षात आले. पुढे लिहिले आहे ते त्या दुपारनंतरच्या दीड वर्षातल्या डब्यांवरून.

तारीख घेताना

पहिली गोष्ट तारा बसण्याआधीच ठरवायची असते, ती म्हणजे वार. शक्य असेल तर शुक्रवार संध्याकाळची किंवा शनिवार सकाळची वेळ मागून घ्यावी. ठणका तारा बसल्यावर काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतो आणि बहुतेक मुलांचा आठवडाभरात थांबतो. शनिवारी तारा बसल्या तर सर्वांत वाईट दिवस रविवार ठरतो आणि तो घरात निघून जातो. चाचणी परीक्षेचा, सहलीचा आणि स्नेहसंमेलनाचा आठवडा टाळावा. सुट्टी सोयीची म्हणून दिवाळीच्या तोंडावर तारा बसवून घेणारे पालक मी पाहिले आहेत आणि चकल्या-कडबोळ्यांच्या डब्यांकडे बघत बसलेली त्यांची मुलेही पाहिली आहेत. संक्रांतीच्या आधीचा आठवडाही त्याच कारणाने नको. भाऊबीज होऊन गेल्यानंतरचे सुट्टीचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात उपचार चालू असतील तर वार निवडण्याची मुभा फारशी नसते. तिथे पुढच्या दोन-तीन दिवसांचे डबे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावेत.

पुष्कळ मुलांच्या बाबतीत सुरुवात तारेच्याही आधी होते. दाढेवर धातूची कडी चढवायची असेल तर तिच्यासाठी फट लागते, म्हणून काही दिवस आधी दाढांच्या मध्ये लहान रबरी चकत्या अडकवतात. दाढेत पेरूची बी अडकून बसल्यासारखे वाटते, चावताना दुखते आणि च्युइंगगम किंवा चिकट चॉकलेट खाल्ले तर त्या चकत्या ओढल्या जाऊन निघून येतात. डब्यातला बदल म्हणूनच या चकत्यांच्या दिवसापासून करावा.

मुलाला काय सांगावे

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तार दाताला ढकलते तेव्हा तो थर एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो, दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू झिजते आणि ताणाच्या बाजूला नवे भरते. या कामाला सुरुवात होताना तिथे सूज येते, म्हणून दात हलल्यासारखे वाटतात आणि चावताना दुखतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुधाचे दात पडल्याची आठवण ताजी असते, आणि हलणारा दात म्हणजे पडणारा दात हे त्याच्या डोक्यात पक्के असते. हा दात पडणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. माझ्या मुलीने ही भीती बोलून दाखवली नव्हती. ती फक्त वरच्या पुढच्या दातांना जीभ लागू न देता विचित्र तोंड करून खात होती.

काही मुलांच्या दाढांवर सिमेंटसारख्या द्रव्याचा छोटा, बहुधा निळा, उंचवटा बसवतात, म्हणजे वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांवर, आपटून ती निघत नाहीत. अशा मुलाने तोंड मिटले तरी वरच्या-खालच्या दाढा फक्त त्या दोन ठिकाणी टेकतात आणि बाकीचे दात अधांतरी राहतात. ते मूल पहिले दोन-तीन आठवडे, दुखत नसले तरी, नीट चावू शकत नाही. "सगळ्यांची मुले आठवड्यात पोळी खातात, हाच नखरे करतो" असे म्हणण्याआधी त्याला तोंड उघडायला लावून दाढा बघाव्यात.

डबा

डब्यातल्या पदार्थाला दोन कसोट्या लावाव्यात. तो दुपारी गार झाल्यावरही अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून चुरडला गेला पाहिजे, आणि पुढच्या दातांनी न तोडता तोंडात जाईल एवढा त्याचा आकार असला पाहिजे. पहिली कसोटी लावायची असेल तर सकाळी डबा भरताना एक चमचा पदार्थ वाटीत झाकून ठेवावा आणि बाराला दाबून पाहावा. सकाळी मऊ लुसलुशीत असलेल्या कितीतरी गोष्टी यात नापास होतात. घावन चिवट होते, कांदेपोहे कोरडे पडतात, साबुदाण्याची खिचडी गोळा होऊन बसते, इडलीची कड सुकते.

पहिल्या तीन दिवसांसाठी आपल्या स्वयंपाकात तयार उत्तरे आहेत, कारण आजारी माणसाला आणि तान्ह्या मुलाला काय घालायचे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. मऊ भात, मेतकूट आणि तूप हा पहिला डबा. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात शिजवावा, कारण गार भात घट्ट होतो. दहीभात कालवताना दह्याबरोबर अर्धी वाटी कोमट दूध घालावे. दुपारपर्यंत भात ते दूध पिऊन घेतो, तरीही सैल राहतो आणि आंबटही होत नाही. फोडणी द्यायचीच असेल तर तुपात जिरेपूड आणि हिंग पुरे. मोहरी ब्रॅकेटच्या कडेला जाऊन बसते आणि फोडणीतली उडदाची डाळ खड्यासारखी लागते. मुगाच्या डाळीची आसट खिचडी, चणाडाळ आणि शेंगदाणे न घातलेला सैलसर उपमा, शिरा, दुधात कुस्करलेले उकडलेले रताळे, अंड्याची किंवा पनीरची भुर्जी यांपैकी काहीही चालते. चकोल्या, म्हणजे काही घरांत ज्यांना वरणफळे म्हणतात, माझ्या मुलीला सर्वांत आवडल्या. त्यांचे तुकडे कातणाने नेहमीच्या निम्म्या आकाराचे करावेत आणि वरण बरेच पातळ ठेवावे, कारण बारा वाजेपर्यंत ते आटल्यासारखे होते.

शाळेत पोषण आहार मिळत असेल तर खिचडीचा दिवस सोपा जातो. मटकी, हरभरा किंवा चवळीची उसळ असेल त्या दिवशी मात्र जेवण वाढणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवावे. डावाने दाबून दाणे मोडून वाढायला त्यांना क्षणभर लागतो. पण मूल स्वतः हे मागायला लाजते, म्हणून पहिल्या दिवशी पालकाने जाऊन बोलावे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोळी डब्यात परत आणता येते, पण अख्खी नव्हे. कणीक दुधात किंवा कोमट पाण्यात, चमचाभर तेल घालून, नेहमीपेक्षा सैल मळावी, पोळी तव्यावरून उतरताच तूप लावावे आणि कापडात गुंडाळून निवू द्यावी. गरम पोळी तशीच डब्यात कोंडली तर वाफेने आधी ओली आणि मग चिवट होते. मग घरीच तिचे रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे करून डब्यात भरावेत आणि वरण किंवा रस्सा वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत द्यावा; जेवायच्या वेळी तो ओतून पाच मिनिटे थांबले की कुस्करा तयार होतो. पोळी, तूप आणि बारीक केलेला गूळ एकत्र चुरून केलेला मलिदा मुले आवडीने खातात, फक्त त्या दिवशी चुळा जास्त भरायला हव्यात. ज्या घरांत भाकरी असते तिथे अडचण मोठी, कारण ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. ती सकाळी गरम असतानाच दुधात किंवा ताकात कुस्करून द्यावी. पाव मऊ असतो म्हणून निर्धास्त राहू नये. वडापाव किंवा सँडविच हातात धरून चावायचे म्हटले की काम पुढच्या दातांवरच येते आणि पावाचा लगदा ब्रॅकेटभोवती लिंपल्यासारखा बसतो. तुकडे करून दिला तर हरकत नाही.

भाज्यांत दुधी, लाल भोपळा, बटाटा, साल काढलेला दोडका, मऊ शिजलेला फ्लॉवर निर्धोक आहेत. पालेभाजी देताना विचार करावा. पालकाची ताकातली पातळ भाजी किंवा अळूचे फदफदे चालते, पण मेथीची किंवा चवळईची परतलेली मोकळी भाजी तारेभोवती दोऱ्यासारखी गुंडाळली जाते, आणि हिरवा धागा दातांवर घेऊन वर्गात बसलेले मूल दुसऱ्या दिवशी डबाच उघडत नाही. गवार आणि शेवग्याची शेंग घरी खावी. फळांत केळे, पपई आणि चिकू शाळेत. सफरचंद पातळ काचऱ्या करून. पेरू मऊ असला तरी त्याच्या बिया कडक म्हणून बियांचा भाग काढून. कोकणात आणि गोव्यात मासे खाणाऱ्या मुलांच्या डब्यात पहिला महिना काट्याचा मासा देऊ नये. कालवण आणि भात द्यावा.

टाळायच्या गोष्टी दोन जातींच्या आहेत. कडक गोष्टी ब्रॅकेट उखडतात: शेंगदाणे, फुटाणे, कडक लाडू, सुके खोबरे, कैरी, ऊस, मक्याचे अख्खे कणीस, बियांसकट बोरे आणि बर्फ. चिकट गोष्टी तार ओढतात आणि दातावर राहतात: चिक्की, टॉफी, राजगिऱ्याची पाकातली वडी, चिंचेच्या गोळ्या. पॉपकॉर्न कोणत्याच जातीत धड बसत नाही, पण त्याचे पातळ टरफल हिरडीत घुसले की दोन दिवस छळते. यादीत नसलेली आणि तरीही ब्रॅकेट काढणारी वस्तू म्हणजे पेनाचे टोपण. मूल ते वर्गात बसून चावते आणि घरी आल्यावर म्हणते की मी तर फक्त भात खाल्ला.

पहिल्या आठवड्यात शाळेत मूल कमी खाणार हे गृहीत धरून सकाळचे खाणे भक्कम करावे. शाळेत जाण्याआधी नाचणीचे सत्त्व, दूध-केळे किंवा अंडे पोटात गेले आणि आल्याबरोबर पोटभर वरण-भात मिळाला, तर मधल्या डब्यावर एवढा भार राहत नाही.

घास घेण्याचा सराव

चमच्याने खाणाऱ्या मुलापेक्षा हाताने खाणाऱ्याला तारा लवकर सवयीच्या होतात, असे मला वाटते. हाताने पोळी तोडता येते, भाताचा लहान घास करता येतो आणि बोटांनी तो नेमका दाढेपाशी ठेवता येतो. चमचा पुढच्या ब्रॅकेटवर आपटतो. शाळेच्या आदल्या दिवशी घरी तालीम घ्यावी. शाळेचाच डबा, शाळेचीच बाटली, समोर घड्याळ आणि वीस मिनिटे. घास नेहमीच्या निम्मा, एका खेपेला एकाच बाजूच्या दाढांवर, मध्ये पाण्याचा घोट. वीस मिनिटांत किती संपले तेवढेच दुसऱ्या दिवशी भरावे. भरलेला डबा परत नेण्याची लाज वाटून मुले तो रस्त्यात ओतून देतात, त्यापेक्षा लहान डबा बरा.

पहिले दोन दिवस वेदनाशामक लागू शकते. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, ती दंतवैद्याकडून लिहून घ्यावी आणि दुसरे कोणतेही औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो, तेव्हा पहाटे साडेपाचला दिलेली गोळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपलेली असते. घरातून निघता निघता द्यावी. गार पाण्याचाही उपयोग होतो. सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या काही तारा तोंडाच्या उबेने जोर धरतात आणि गार पाण्याने थोडा वेळ सैल पडतात. बाटलीत माठातले किंवा फ्रिजचे पाणी भरून द्यावे आणि जेवणाआधी एक घोट तोंडात धरायला सांगावा.

हळद

छापील कागदावर हे क्वचितच असते, म्हणून वेगळे लिहिते. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारी जी छोटी रबरे असतात, ती पारदर्शक निवडली तर वरण-भाताच्या दोन-तीन जेवणांत पिवळी पडतात, आणि शाळेतली मुले "दात घासत नाहीस का" असे विचारू लागतात. ब्रश कितीही केला तरी तो पिवळेपणा जात नाही. करडी, गडद निळी किंवा हिरवी रबरे मागावीत. आधीच पारदर्शक बसली असतील तर पुढच्या भेटीत ती बदलली जातातच. तोवर डब्यात दहीभात, शिरा, उपमा असे बिनहळदीचे पदार्थ द्यावेत आणि पिवळे वरण रात्री घरी वाढावे. मुलीच्या पहिल्या महिन्यात मला हे माहीत नव्हते, आणि डब्यातली वरणफळे आवडत असूनही तिने ती अचानक बंद का केली हे कळायला पुढची भेट उजाडावी लागली.

दप्तरातले पाकीट

कंपासपेटीएवढ्या पिशवीत छोटा आरसा, घडीचा ब्रश, दातांच्या फटीत घालायचा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारका ब्रश, रुमाल, दवाखान्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि मेणाची डबी एवढे ठेवावे. मेण लावायला घरी आरशासमोर शिकवावे लागते. टोचणारी जागा आधी रुमालाने कोरडी करायची, कारण ओल्या ब्रॅकेटवर मेण धरत नाही. मग तुरीच्या दाण्याएवढे मेण चिमटीत घेऊन, बोटांच्या उबेने मऊ होईपर्यंत वळायचे आणि ब्रॅकेटवर दाबून बसवायचे. जेवणाआधी ते काढायचे आणि जेवणानंतर नवे लावायचे. चुकून गिळले तर काही होत नाही, हे मुलाला सांगून ठेवावे, नाहीतर ते घाबरून वापरतच नाही.

शाळेत जेवणानंतर ब्रश करायला मिळेलच असे नाही, आणि बहुतेक मुले तो करतही नाहीत. पण चूळ भरणे प्रत्येकाला जमते. जेवणानंतर नुसते पाणी पिणे म्हणजे चूळ नव्हे. तोंडात घोटभर पाणी घेऊन ते डाव्या गालातून उजव्या गालात दहा वेळा खळखळून फिरवायचे, मग पुढच्या ओठामागे दाबायचे, मग थुंकायचे, असे तीनदा. ब्रॅकेटच्या कडेला साचलेल्या अन्नामुळे दातावर पांढरे डाग पडतात आणि दुर्लक्ष झाले तर ते महिनाभरातही दिसू लागतात. तारा काढल्यावर ब्रॅकेटच्या जागी स्वच्छ चौकोन आणि भोवती पांढरी कड अशी दातांची अवस्था मी एका भाच्याची पाहिली आहे. घरी आल्याबरोबर, खाण्याआधी नव्हे तर खाल्ल्यानंतर, नीट ब्रश झालाच पाहिजे. गाल सोलवटला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून रात्री गुळण्या कराव्यात.

शाळेला चिठ्ठी

वर्गशिक्षिकांना तोंडी सांगण्यापेक्षा दैनंदिनीत चार ओळी लिहून दिलेल्या बऱ्या, कारण बदली शिक्षिका आल्या तरी त्या वाचू शकतात. मी लिहिलेली चिठ्ठी साधारण अशी होती:

"आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. मुलीच्या दातांना शनिवारी तारा बसवल्या आहेत. पुढचे दोन आठवडे तिला जेवायला वेळ लागेल, तरी सुट्टी संपल्यावर पाच मिनिटे अधिक मिळावीत आणि नळावर जाऊन चुळा भरण्याची परवानगी असावी, ही विनंती. तार टोचल्यास ती स्वतः मेण लावू शकते. कोणीही तार कापू अथवा ओढू नये. आवश्यक वाटल्यास कृपया मला फोन करावा."

बाईंनी ती वाचून तिला शेवटच्या बाकावर बसून डबा संपवायची मुभा दिली. हे मला आवडले नाही, कारण सगळे वर्गात परतत असताना एकटीने खाणे तिला अधिक जड गेले. दोन दिवसांनी आम्ही उलट केले: सुट्टी होण्याआधी पाच मिनिटे तिला हात धुवायला सोडायचे. रांग टळली आणि ती सगळ्यांबरोबर बसली. आपल्या शाळेत हे जमत असेल तर थेट हेच मागावे.

डब्याभोवतीची मुले

पहिल्या दिवशी सगळे तोंडात बघायला मागतात आणि "रेल्वेचे रूळ" म्हणतात. हा उत्साह बहुधा आठवडा टिकतो. "हो, स्टेशन यायला दीड वर्ष आहे" असे एखादे उत्तर मुलाबरोबर बसून आधीच ठरवले तर त्याला बळ येते. चिडवणे दोन-तीन आठवड्यांनंतरही चालू राहिले आणि मूल एकटे जेवू लागले तर बाईंशी बोलावे.

खरी परीक्षा देवाणघेवाणीची असते. आपल्याकडे डबा वाटून खाणे हीच मैत्री, आणि "मला चालत नाही" असे रोज म्हणणारे मूल हळूहळू घोळक्याबाहेर पडते. म्हणून डब्यात वाटण्यासारखे काहीतरी अधिक द्यावे: मऊ नारळीपाकाचे दोन लाडू, आंबोळीचे चार तुकडे. देणाऱ्याच्या हाती मान राहतो. वाढदिवसाची टॉफी नाकारायला सांगू नये; ती घेऊन, आभार मानून, खिशात टाकायची आणि घरी एका बरणीत जमा करायची. तारा निघाल्या की ती बरणी तिची, असे आम्ही कबूल केले होते. प्रत्यक्षात धाकट्या भावाने ती तिसऱ्या महिन्यात संपवली.

शाळेत काही निसटले तर

जेवताना ब्रॅकेट सुटून तारेवर फिरू लागणे ही घाईची गोष्ट नाही. निघालेला तुकडा असेल तर तो कागदात गुंडाळून पाकिटात ठेवावा, त्या बाजूने खाऊ नये आणि घरी आल्यावर दवाखान्यात फोन करावा. तारेचे मागचे टोक गालात टोचत असेल तर मेण लावावे; न जमल्यास पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबराने ते हलकेच दाताकडे वळवावे. लहान तुकडा अन्नाबरोबर गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो, तरीही दंतवैद्याला कळवावे. पण तुकडा नाहीसा झाल्यानंतर मुलाला सतत खोकला येत असेल, श्वासाला घरघर असेल किंवा गिळता येत नसेल, तर तो श्वासनलिकेत किंवा अन्ननलिकेत अडकला असण्याची शक्यता असते आणि त्याला वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावे. ही एक ओळ शाळेच्या चिठ्ठीतही असावी.

ज्यांना तारांऐवजी काढता-घालता येणारी प्लेट दिली आहे, त्यांचा त्रास वेगळा. मूल जेवताना प्लेट काढते, कागदी रुमालात गुंडाळून बाकावर ठेवते आणि उष्ट्याबरोबर ती कचऱ्याच्या डब्यात जाते. भडक रंगाची डबी द्यावी, तिच्यावर नाव आणि फोन नंबर लिहावा आणि प्लेट एकतर तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही, हा नियम करावा. वरच्या-खालच्या तारांना जोडणारी रबरे लावायला दिली असतील तर जेवताना ती काढायची की नाही हे दंतवैद्याला विचारावे. काढायची असतील तर जेवणानंतर लावायला नवी जोडी पाकिटात हवी.

डबा तरीही परत येत असेल तर

दोन आठवड्यांनंतरही शाळेचा डबा परत येत असेल आणि घरी मूल नीट जेवत असेल, तर कारण बहुधा दातांत नसते. मुलाला "का खात नाहीस" असे विचारण्याऐवजी "कुठे बसतेस, कोण बरोबर असते, नळ किती लांब आहे" असे विचारावे. माझ्या मैत्रिणीच्या मुलाच्या बाबतीत उत्तर निघाले ते मुलांच्या स्वच्छतागृहातला नळ तुटलेला असल्याचे: चूळ भरता येत नाही म्हणून तो खातच नव्हता. त्याला पाण्याची दुसरी बाटली दिली आणि झाडाच्या आळ्यात चूळ टाकायची परवानगी मिळवली, तेवढ्याने डबा रिकामा येऊ लागला. घरीही जेवण कमी असेल, गालात व्रण असतील किंवा एकच दात आठवडाभरानंतरही ठणकत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात दाखवावे.

महिन्याभरात बहुतेक मुले तुकडे केलेल्या पोळीवरून अख्ख्या पोळीवर येतात. त्यानंतर दर ४ ते ८ आठवड्यांनी तार बदलतात किंवा आवळतात, आणि प्रत्येक वेळी दोन दिवस पुन्हा ठणका असतो, पहिल्याइतका नसला तरी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या तारखेला गोल करून पुढच्या दोन दिवसांवर मी "मऊ भात" असे लिहून ठेवत असे. सहाव्या भेटीनंतर तिने स्वतःच ते खोडून "चकोल्या" असे लिहिले.